भिंतीवरची काचपट्टी

डहाणूच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात एका सुईशी भांडते. मायक्रोस्कोपखाली सोन्याचा मुलामा दिलेली काच, तिच्यावर टोकदार तार, तीच माझी सुई. भिंगातून तार आणि तिचं प्रतिबिंब एकमेकांकडे सरकताना दिसतात. मधली फट दिसेनाशी झाली की भिंगाचं काम संपतं. पुढचं वीज सांगते. सुई टेकलेली नसतानाही बारीकसा प्रवाह ती फट ओलांडतो आणि त्याच्या चढउतारावरून अणूएवढे उंचवटे स्क्रीनवर उमटतात. हादरे लागू नयेत म्हणून सगळं यंत्र मी मोटारसायकलच्या ट्यूबांवर बसवलं आहे.

तरी भूकंप झाला की सुई आपटतेच. आमच्याकडे तो अधूनमधून होतच असतो. टोक मोडलं, की मी तलासरीकडच्या पाड्यावर आईला फोन लावायचे. घराच्या मागच्या भिंतीला तडा गेला होता. त्याच्यावर मी लॅबमधली काचपट्टी आडवी चिकटवली होती. उरलेल्या पट्ट्यांची डबी आणि गोंदाची ट्यूब तिथेच विसरले होते. तडा रुंदावला तर काच फुटणार, आणि काच फुटली की आईने माझ्याकडे राहायला यायचं, असं आमचं ठरलं होतं.

"काच आहे ना गं?"

"हाय ना. तू जेवलीस का?"

पाच सुया मोडल्या, काच मात्र धड. हादरे किरकोळ आहेत, घराला काही होत नाही, असं मी स्टाफरूममध्ये ऐटीत सांगत होते.

गेल्या रविवारी घरी गेले. काच चकचकीत होती. कोपऱ्यात मी हिऱ्याच्या टोकाने नंबर कोरला होता, तो नव्हता.

आई नाचणी पाखडत होती. विचारलं तर सूप खाली न ठेवताच म्हणाली, "तुझ्या दुसऱ्या माळ्यावर मी दिवसभर काय करू? कोंबड्या कुनाच्या गळ्यात घालू?" मग बिस्किटांचा डबा आणून दाखवला. आत फुटक्या काचा होत्या, पोरांच्या पायात जाऊ नयेत म्हणून जपून ठेवलेल्या. मला तिचा भयंकर राग आला, आणि माझी लाज वाटली.

तड्यात बोट घालून पाहिलं. दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"आत्ताच्या आत्ता चल," मी म्हटलं.

"डबीत अजून एक हाय," आई म्हणाली. "ती फुटली का येते."