शाडूचा गाळ

आईला नारायण पेठेतून विश्रांतवाडीला आणायला मला तीन वर्षं लागली. पेठेतल्या तिच्या भाड्याच्या दोन खोल्या मालकाने बिल्डरला देऊन टाकल्या होत्या, तरी बाई हलायला तयार नाही. "विश्रांतवाडी म्हणजे पुणं नव्हे," एवढंच तिचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती. शेवटी आमच्याच सोसायटीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट रिकामा झाला तेव्हा ती कबूल झाली, पण येतानाच तिने मला बजावलं, "सोवळ्यात स्वैपाक करता आला नाही तर मी त्या दिवशी निघाले. मग कुठे ठेवायचं ते तू बघ." भाऊ अमेरिकेत, पेठेतली जागा गेलेली, आणि माझ्या घरी अंडी शिजतात म्हणून ती माझ्याकडे पाणीसुद्धा पीत नसे. कुठे ठेवायचं याला माझ्यापाशी वृद्धाश्रम सोडून दुसरं उत्तर नव्हतं. ते मी नवऱ्याजवळसुद्धा कधी बोलून दाखवलं नाही.

मी तिसऱ्या मजल्यावर राहत होते आणि सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होते. शिवाय सोसायटीची सेक्रेटरी होते, कारण मीटिंगला मी पाच मिनिटं उशिरा पोचले आणि तोवर माझी एकमताने निवड झालेली होती. ज्यांच्या ज्वारीच्या शेतात आमची बिल्डिंग उभी राहिली ते गृहस्थ चेअरमन होते. त्यांचं एकच धोरण, "म्याडम, तुमी शिकल्याल्या हाय, तुमीच काय ते बघा." मी बघायचे. बागेच्या जागी पेव्हर ब्लॉक बसवून गाड्यांचं पार्किंग केलं, तेही मीच बघितलं.

त्या वर्षी मी आणखी एक गोष्ट बघितली. सगळ्यांनी शाडूचेच गणपती आणायचे आणि विसर्जनाला नदीवर न जाता पार्किंगमध्ये ठेवलेल्या मोठ्या पिंपात करायचं, असा मी ठराव केला. दीड दिवसाचे, पाच दिवसांचे, दहा दिवसांचे, सगळे त्याच पिंपात गेले. आईचाही गेला. तिला हे पसंत नव्हतं, पण मी तिला समजावलं की माती विरघळली की ते पाणी झाडांना घालतात. "झाडं कुठायत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कुंड्या आहेत की."

अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी मी पार्किंगमध्ये गाडीजवळ उभी होते. कानाला फोन, पलीकडे परदेशातला क्लायंट आणि माझे तिकडचे सगळे साहेब. आमचा वॉचमन पुढे आला. बुलढाण्याकडचा होता, बायको आणि दोन मुली घेऊन पंपाशेजारच्या खोलीत राहायचा. त्याने दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, कुंड्या भरल्या. बाकीचं कुठं ओतू?" पिंप अजून अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. मला त्या फोनवर उत्तर द्यायचं होतं, ते सुचत नव्हतं, आणि हा समोरून हलत नव्हता. मी पिंपाशेजारच्या ड्रेनेजच्या चेंबरच्या झाकणाकडे बोट दाखवलं. त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा तिकडेच बोट दाखवलं आणि पाठ फिरवली.

आठवडाभर काही झालं नाही. मग एका सकाळी आईचा फोन आला, "खाली ये. लोकांची आंघोळ माझ्या घरात आली आहे."

बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. त्यात कुणाच्या तरी साबणाचा फेस होता, भाताची शितं होती, आणि वास असा की उभं राहवेना. मी उंबऱ्यावर फडकी लावली, जुनी चादर लावली, आणि पाणी त्यांच्याखालून शांतपणे स्वैपाकघरात गेलं. मी वर धावले. प्रत्येक मजल्यावर बेल वाजवून पाणी सोडू नका म्हणून सांगत सुटले. भाड्याने राहणारी आयटीतली मुलं डोक्याला शाम्पू लावलेल्या अवस्थेत दार उघडून म्हणायची, "काकू, बस निघेल, दोन मिनिट्स फक्त." प्रत्येकाची दोन मिनिटं खाली आईच्या घरात जमा होत होती. त्यांना काय बोलणार? मीसुद्धा आंघोळ करूनच निघाले होते.

एका कंपनीला बोलावलं. एकसारखे टीशर्ट घातलेले दोघं मशीन घेऊन आले. लांब तारेची स्प्रिंग मोटरवर फिरवत त्यांनी पाइपात घातली. पाणी भसकन उतरलं. त्यांनी माझ्याकडून समाधानी ग्राहकाचा फॉर्म भरून घेतला, आणि वर्षभराच्या देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट घ्या म्हणून आग्रह केला. मी तेही घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जाळी पुन्हा बुडबुडायला लागली. तारेने गाळात नुसतं भोक पाडलं होतं, ते बुजलं. कंपनीत फोन केला की एक मुलगी गोड आवाजात माझी तक्रार नोंदवून घ्यायची. चार तक्रारी नोंदवून झाल्या. आई दूध आणि केळ्यांवर होती. स्वैपाकघर रोज धुवायची, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा पाणी. पाचव्या दिवशी मी खाली गेले तर ती पलंगावर बसून लुगड्यांच्या घड्या ट्रंकेत भरत होती. मी तिथेच मोरीपाशी बसून रडले. कामाच्या ठिकाणी माझ्या हाताखाली तीस माणसं होती, आणि इथे मला एक पाइप ऐकत नव्हता.

शेवटी चेअरमननी त्यांच्या ओळखीचा एक माणूस धाडला. पन्नाशीचा असेल. त्याच्याकडे चिरलेल्या बांबूच्या लांब पट्ट्या होत्या, एकीला दुसरी तारेने बांधून तो त्या वाढवत न्यायचा. आत उतरायचं नाही, असं मी त्याला आधीच सांगितलं. "उतरत नाय ताई, वरूनच काढतो," तो म्हणाला. त्याने झाकण काढलं, पालथा झोपला, आणि तासभर पट्टी आत-बाहेर करत राहिला. वॉचमन बाजूला घमेलं धरून उभा होता. आईने त्या माणसासाठी चहा आणला, तो वेगळ्या कपात, आणि कप जमिनीवर ठेवला. मला लाज वाटली, पण कप मी उचलला नाही.

मग गाळ यायला लागला. राखाडी, चिकट, जड. त्याने एक गोळा हातात घेतला, दाबून पाहिला आणि थांबला. गोळ्यात बोटाएवढी सोंड होती, न विरघळलेली, तिच्यावर सोनेरी रंगाची रेघ.

"ताई, ही गणपतीची माती हाय," तो म्हणाला. "ही मी कचऱ्याच्या गाडीत नाय टाकनार. येखादी चांगली बादली द्या."

आई तिथेच होती. तिने ती सोंड पाहिली. आत गेली आणि तिची पूजेच्या पाण्याची पितळी बादली घेऊन आली. स्वतःच्या हाताने तिने तो घाण गाळ बादलीत भरला. त्या माणसाने "आजी, ऱ्हाऊ द्या" म्हटलं तरी तिने ऐकलं नाही. भरून झाल्यावर तिने मान वर केली.

"हे कुणी ओतलं?"

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते, माझ्या तोंडाशी आलं होतं. पण दाराच्या आत मला ती अर्धी भरलेली ट्रंक दिसत होती.

"चुकलं माह्यं, आजी," वॉचमन म्हणाला.

"चुकलं? देव होता तो," आई म्हणाली.

बादलीतली माती नदीत सोडायला आम्ही खडकीकडे निघालो. ती मागच्या सीटवर, बादली तिच्या दोन पायांत. वास गाडीभर. वाटेत ती एवढंच बोलली, "तो माणूस दारात असेल तर मी त्या घरात राहणार नाही." पुलापर्यंत तीन सिग्नल लागले. प्रत्येक सिग्नलला मी आरशात तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहिलं.

वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला पत्र लिहायचं काम सेक्रेटरीचं होतं. मी ते इंग्रजीत लिहिलं. रविवारी त्याने पंपाशेजारची खोली रिकामी केली. टेम्पोत सामान होतंच कितीसं. धाकटी मुलगी शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन पुढे बसली होती. जाताना त्याने मला नेहमीसारखा नमस्कार केला. मी त्याला गाठून काही बोलावं म्हणून दोन पावलं टाकली, तेवढ्यात आईने खिडकीतून हाक मारली. आठवडाभराने तिने पहिल्यांदा वरणभात लावला होता आणि मला जेवायला बोलावत होती. मी गेले. पानावर बसले आणि जेवलेही.

ट्रंक रिकामी झाली. आई पुढे सात वर्षं त्याच घरात राहिली आणि तिथेच गेली. दर वर्षी तिच्याकडे गणपती बसायचा, विसर्जन नदीवर व्हायचं. आरती झाली की ती डोळे मिटून एकेकासाठी मागायची. भावासाठी, नातवंडांसाठी, माझ्या नोकरीसाठी. सगळ्यांत शेवटी म्हणायची, "आणि तो वॉचमन. अजाण होता रे, त्याला क्षमा कर."

मी शेजारी हात जोडून उभी असायचे. तिचं म्हणून झालं की "मोरया" म्हणायचे.