कॉर्व्हेट म्हणजे टोपली

भाची नौदलात लागली तेव्हा आमच्या घरात समुद्र पाहिलेला मी एकटाच होतो, तोही किनाऱ्यावरून. प्रशिक्षण संपल्यावर तिचा फोन आला, "मामा, मला कॉर्व्हेट मिळालं!" जालन्यात मी इंग्रजी शिकवतो. तेव्हा या शब्दाचा अर्थ अक्का मलाच विचारणार, हे ठरलेलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, पोरीची आई.

रविवारी अक्काच्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला गेलो. अक्का ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती.

"कारवेट म्हंजी काय रे?"

मी आदल्या दिवशीच कोश चाळला होता. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी बहुधा डचांकडून. डच भाषेत 'कोर्फ' म्हणजे टोपली, आणि एक होडीही. त्याच्याही मागं लॅटिनमधली टोपली. सगळे पंडित हे मानत नाहीत, पण मला ते आवडलं होतं. तिला सांगितलं.

"टोपली?" तिचे हात थांबले.

"नावापुरती गं. जहाज लोखंडाचंच. लढाऊ जहाजांत जरा लहान, एवढंच."

ती पुन्हा देठ खुडू लागली. मला वाटलं, विषय संपला. जेवताना माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "टोपलीचं मला काई न्हाई. पर तू लहान म्हणलास. एवढ्या पाण्यात लहान जहाज कशाला देतेत पोरीला?"

मी तोफा, रडार असलं सांगत राहिलो. तिच्या कानावर काही जात नव्हतं.

मग जहाज समुद्रात गेलं आणि पोरीचा फोन लागेना. अक्का मात्र मला रोज फोन करायची. "मोठ्या जहाजावर बदली व्हती का, इचार ना कोन्हाला." विचारावं असं माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. तेवढं सांगायलाही जीव धजेना. "बघतो," म्हणायचो.

पुढं मी गावी असतानाच पोरीचा फोन आला. अक्कानं खुशालीसुद्धा विचारली नाही.

"लई बारकं हाय का गं?"

"बारकंच आहे, आई. म्हणून तर बरंय. सगळे एकमेकांना ओळखतात. पहिल्यांदा लाटांनी मला सारख्या उलट्या होऊन राह्यल्या होत्या. मी कुणाला सांगितलं न्हाई, तरी स्वयंपाकी लिंबू घेऊन आला. मोठ्या जहाजावर कुणाला कळलं असतं?"

अक्कानं पदरानं डोळे पुसले. "त्याला लोणचं चालतं का, इचार," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी बरणी माझ्या हाती दिली. कुरिअरवाल्यानं काचेची घ्यायला नकार दिला, म्हणून जालन्यातल्या मस्तगडातून प्लॅस्टिकची आणून तिच्यात लोणचं भरलं आणि पाठवलं.

पोरगी सुट्टीवर आली ती काळवंडून, पण अंगानं भरून. आल्या आल्या म्हणाली, "मामा, पुढं कदाचित फ्रिगेट मिळंल."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं.

"ते मोठं असतं," मी घाईनं म्हणालो. "शब्द इटलीकडून आला. त्याच्या मागं काय, ते कुणालाच ठाऊक न्हाई."

"न्हाई तर न्हाई," अक्का म्हणाली. "स्वयंपाकी कोण असंल तिथं?"