कंसातली तिसरी

गेल्या मंगळवारी ऐन थंडीत, भर दुपारी सातवीच्या वर्गावर मला घाम फुटला...

तीर्थपुरीजवळच्या एका शाळेत मी गणिताला नवीनच आलेय. आदल्या दिवशी त्याच वर्गातल्या राधाचे वडील भेटून गेले होते. पोरगी दिवाळीपासून तोंडच उघडत नव्हती, वर्गात नाही की घरी नाही. "बोलतच न्हाई, मंग साळंत ठिवून काय करू? शनिवारी घेऊन जातो मेंढरामागं," म्हणाले. कारण विचारलं तर डोक्यावरचा पटका सावरत उठून गेले.

मंगळवारी बैजिक राशींचा गुणाकार होता. दोन कंस दिसले की पोरं पहिल्याला पहिल्यानं, दुसऱ्याला दुसऱ्यानं गुणतात आणि मोकळी होतात. म्हणून मी एक खेळ काढला. समोरासमोरचे दोन बाक म्हणजे दोन कंस. इकडच्या प्रत्येकीनं तिकडच्या प्रत्येकीशी हात मिळवायचा, एकदा हात मिळवला की एक पद. कंसातल्या कुणालाही वगळायचं नाही, हे परत परत बजावलं.

इकडे दोघी बसवल्या. तिकडे राधा आणि कविता होत्याच.

इकडच्या दोघींनी कविताशी हात मिळवला, राधाशी मिळवला... आणि मग बाकाच्या रिकाम्या टोकाशी जाऊन हवेत हात पुढे केला. हलवलासुद्धा! कुणी हसलं नाही.

किती पदं झाली, विचारलं. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "सहा."

मला वाटलं, नवीन मॅडमची फिरकी घेतायत. चिडून म्हटलं, तिकडे दोघीच आहेत, चार होतात! कविता अगदी सहज म्हणाली, "शीतल हाय ना इथं, मॅडम. राधाची मैत्रीण. दिवाळीत तापानं गेली."

अंगावर सर्रकन काटा आला. सगळ्या बाकांवर खडूची धूळ होती... ते एक टोक मात्र लख्ख पुसलेलं.

पाय म्हणत होते, ऑफिसात पळ. पण वगळायचं नाही, हे मीच तर बजावलं होतं ना... गेले, आणि त्या रिकाम्या जागेपुढे हात केला.

"डावा द्या, मॅडम."

बारीक, घोगरा आवाज. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. राधा बोलली होती! "ती डावखुरी हाय," म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

मी हात बदलला. तळहात गार पडला. भीतीनं असेल... तुम्हाला काय समजायचं ते समजा.

मग राधा शीतलबद्दल बोलत राहिली, पार घंटा होईपर्यंत. मी फळ्यावर दुसऱ्या कंसात तिसरं अक्षर वाढवलं. सहा पदं. वर्गाचं उत्तर बरोबर होतं.

शनिवारी वडील आले. राधा दारातूनच ओरडली, "म्या न्हाई येत, बाबा! गणित चालू हाय!" ते तिथंच मटकन बसले, पटक्यानं डोळे पुसले आणि एकटेच परत गेले.

आज सोमवार. वर्गाचं कुलूप मीच उघडलं. बाकांवर धूळ होती, ते टोक सोडून. या खेपेला भीती नाही वाटली. हळूच "थँक्यू, शीतल" म्हटलं... आणि डावा हात पुढे केला.