डिंडोलीच्या गुरुवारच्या बायका

दवाखान्यातली औषधं संपायची, किस्से मात्र साठतच जायचे! नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी गुजरातेत, डिंडोलीत नर्स होते. दर गुरुवारी एचआयव्ही असलेल्या दहा बायका जमायच्या, सगळ्या खानदेशातल्या. त्यांना गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करून घ्यायला लावणं हे माझं काम.

*

पाटीवर आजाराचं नाव कसं लिहिणार? लिहिलं, 'महिला मंडळ'. पहिल्याच गुरुवारी शेजारच्या आजी टाळ घेऊन हजर! "भजन कधी सुरू?"

आमच्यातल्या थोरल्या सिंधूबाईंनी तडक सूर धरला. त्या दिवशी तीन भजनं झाली, तपासणी एकीचीही नाही!

*

डॉक्टरबेन गुजराती. एचआयव्ही असला की हा कॅन्सर लवकर गाठतो, पण सुरुवातीलाच सापडला तर बरा होतो, हे त्यांनी छान समजावलं. तरी पडद्यामागे जायला कोणी तयार नाही. शेवटी सिंधूबाई गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर! "इतलंच? दात काढाले यान्हापेक्षा जास्त दुखनं व्हतं!"

पुढे कोणी लाजली की स्वतःची तपासणी झालेली असूनही टेबलावर चढून दाखवायला त्याच निघायच्या. डॉक्टरबेन हात जोडायच्या, "सिंधुबेन, तमारुं तो थई गयुं!"

*

अडून बसली एकटी विमल. नवरा एचआयव्हीनंच गेलेला, सासरच्यांनी तोडलेलं, पदरात नऊ वर्षांची पोर. "मरनंच शे ना, सिस्टर? मंग कशानं, ते कशाले शोधू?"

विमल घरी साड्यांचे धागे कापायची. सिंधूबाईंनी विचारलं, "साडीले भोक दिसनं तं फेकी देस का?"

"रफूले देस. साडीले मालक ऱ्हास. माले कोन शे?"

"ती देख तुनी मालकीण, दारमा पेरू खाई ऱ्हायनी!"

विमल हसली आणि पडद्यामागे गेली.

*

नेमकी तिच्याच रिपोर्टमध्ये खराबी निघाली, पण अगदी सुरुवातीची. छोटं ऑपरेशन ठरलं. मोठ्या हॉस्पिटलात क्लार्कनं नातेवाईक बोलावला. आठ बायका पुढे सरसावल्या, "बहीण!"

"एक पेशन्टनी आठ बेन?"

सिंधूबाई म्हणाल्या, "नववी कामवर गयेल शे!"

ऑपरेशन नीट झालं. या बायकांचे उपकार मी कसे विसरू? नर्स म्हणून नाव माझं, काम सगळं त्यांचं!

*

विमल घरी आली तेव्हा श्रावण होता, खानदेशी घरांमधून कानबाई देवी बसलेली. घरातल्या एकेका माणसाच्या नावानं मूठभर गहू घेऊन कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या करतात. ते भावकीबाहेर कुणाला देत नाहीत. सासरचा रोट विमलला नवरा गेल्यापासून बंद होता.

सिंधूबाई ताटली घेऊन तिच्या खोलीवर आल्या. मीही तिथेच होते. विमल घाबरून मागे सरकली. "बाई, हाऊ तं तुमना घरना रोट! मी कशी खाऊ?"

सिंधूबाईंनी तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवला. "गुमान खाय. गहू मोजतांनाच तुनी मूठ धरेल व्हती मी!"