भाऊजींनी सोडलेला गोल

माझे दीर एक मॅच मुद्दाम हरले होते.

हे फेसबुकवर लिहू नये असं घरात सगळ्यांचं मत आहे. पण गेल्या गुरुवारी प्रकाशभाऊजी गेले, आणि तेव्हापासून 'सच्चा खेळाडू', 'खिलाडूवृत्तीचा आदर्श' हे वाचून वाचून माझं डोकं उठलंय.

भाऊजी चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला होते. गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला पार्ट पुरवणारी ही छोटी कंपनी. भाऊजी तिच्या टीमचे गोलकीपर.

कराडहून आले ते आमच्या कासारवाडीच्या दोन खोल्यांत. लग्न केलं नाही. शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले.

मला फुटबॉलचं वेड शाळेपासून. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हा मुलींना खेळवायच्या. कुणी लागल्याचं सोंग करून पडलं, की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं करायच्या.

त्यामुळे खेळात लोक खोटेपणा करतात हे मला लहानपणीच कळलं होतं. त्याची शिक्षा होते, असाही एक गैरसमज झाला होता.

पुढे रहाटणीला फ्लॅट घेतला. शनिवारी संध्याकाळी मी आणि भाऊजी टीव्हीवर परदेशातल्या मॅचेस बघायचो. आमचे हे बाजूला बसून पेपर वाचायचे.

भाऊजींचा एकच सूर. "ठरलेलंय, वहिनी."

पेनल्टी दिली, ठरलेलंय. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, ठरलेलंय. रेफरी स्क्रीन बघायला गेला, तर "चहा घेऊन येईल आता. निकाल आधीच लागलाय."

"अहो, एवढा संशय आहे तर बघता कशाला?"

"तुम्ही भजी करता म्हणून."

एकदा म्हणाले, "त्यांच्या छातीवर सट्टेवाल्यांची नावं छापलीत, वहिनी. आणि तुम्ही म्हणता खेळ स्वच्छ!"

"छाती कोण बघतंय? मी पाय बघते."

"पाय नका बघू. कीपर बघा."

त्याच मॅचमध्ये एका कीपरने अप्रतिम झेप घेतली. पूर्ण आडवा, हवेत. बॉल बोटांच्या जरा पुढून आत गेला. मी हळहळले.

भाऊजी शांतपणे म्हणाले, "सोडला."

"काहीतरीच! केवढी उडी मारली बिचाऱ्याने."

"म्हणूनच. खरंच चुकतो तेव्हा कीपर वेडावाकडा पडतो. तोंडावर, ढुंगणावर, कसाही. ही जरा उशिरा मारलेली उडी आहे. निवांत."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी मारलीय."

कोणती, हे मला विचारावं लागलं नाही.

कंपन्यांच्या टूर्नामेंटची फायनल होती. समोर तीच गाड्यांची कंपनी, म्हणजे भाऊजींच्या कंपनीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मी डबा घेऊन गेले होते आणि घसा बसेपर्यंत ओरडले होते. एक-शून्य हरले.

पण भाऊजींची ती उडी!

अकरा वर्षं मी त्या उडीचं कौतुक केलं. पाहुणे आले की माझं सुरू, "भाऊजी, सांगा ना तुमच्या फायनलचं." ते उठून पाणी आणायला आत जायचे. मला वाटायचं, लाजतात.

आता त्यांनी सांगितलं, फायनलच्या हाफटाइमला त्यांचे प्लांट हेड आले होते. सगळ्यांना केळी वाटली. मग भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "प्रकाश, ते आपले कस्टमर आहेत. पुढच्या महिन्यात ते आपल्या प्लांटचं ऑडिट करायला येणार आहेत. जरा समजून खेळ."

बास. 'हर' असं कुणीच म्हणालं नाही.

मी विचारलं, "नोकरीची धमकी दिली?"

"नाही हो."

"प्रमोशनचं काही?"

"काहीच नाही. साहेबांना माझं नाव माहीत आहे, याचंच एवढं वाटलं मला. दुसरं काही सुचलंच नाही."

मी गॅस बंद करायला आत गेले. गॅस बंदच होता.

त्या फायनलला भाऊजींना 'बेस्ट स्पोर्ट्समन'चा कप मिळाला होता. गिऱ्हाइकाच्याच साहेबांच्या हस्ते. तो त्यांनी घरी आणलाच नाही, बसमध्ये राहिला म्हणाले. नंतर खेळणंही सोडलं. गुडघा दुखतो म्हणाले, आणि मी मूर्खासारखी गरम पाण्याची पिशवी देत बसले.

भाऊजींनी हे सांगितल्यापासून मी एकही मॅच धडपणे बघू शकलेले नाही. जगातले मोठमोठे कीपर झेपावतात, साठ हजार माणसं उभी राहून ओरडतात, आणि मला वाटतं, कुणी घेतलं असेल ह्याचं नाव हाफटाइमला?

परवा भाऊजींच्या कंपनीतून एचआरच्या मुलीचा फोन आला. गोड आवाज.

"काकू, संडेला सरांच्या मेमरीमध्ये मॅच ठेवलीय. त्यांचा एक फोटो आणि ग्लव्ह्ज मिळतील का?"

"कुणाशी आहे मॅच?"

तिने नाव सांगितलं. तीच कंपनी.

मी म्हटलं, "देते. पण ह्या वेळी आपली पोरं जीव तोडून खेळणार ना?"

ती हसली. "काकू, टेन्शन नका घेऊ. ड्रॉच करायचं ठरलंय. वन-वन. कुणालाच वाईट वाटायला नको ना!"

मी फोन ठेवून दिला. फोटो दिला नाही. ग्लव्ह्ज माझ्या कपाटात आहेत, तिथेच राहतील.

कंपनीच्या लोकांनो, ही पोस्ट तुमच्या ग्रुपवर खुशाल फिरवा. शोकसभेतल्या भाषणासाठी उपयोगी पडेल.

भाऊजी, तुम्ही चुकलात. तुम्ही होतात तोवर हे तोंडावर म्हणायचं धैर्य मला झालं नाही. पण तुम्ही एकटेच होतात ज्यांना ते आयुष्यभर टोचलं.

रविवारी मी मैदानावर जाणार नाही.

तुम्हीही जाऊ नका.

वहिनीचा शेवटचा नमस्कार.