आठ अनोळखी बायका

एकमेकींना अजिबात न ओळखणाऱ्या आठ बायका कोल्हापुरात शोधायच्या आणि एका खोलीत आणून बसवायच्या, हे शिवगंगेचं काम. ऐकायला सोपं वाटतं. करून बघावं म्हणजे कळतं.

त्याचं असं आहे, कंपनीला बाजारात नवा माल आणायचा असला की ती आधी आठ-दहा गिऱ्हाइकांना गोल बसवते, चहा-बिस्किटं देते आणि बोलतं करते. ह्याला म्हणायचं फोकस ग्रुप. बोलतं करायला पुण्याहून मोना मॅडम येतात. शेजारच्या खोलीत कंपनीची माणसं टीव्हीवर सगळं बघत असतात, आणि तसं आतल्यांना आधी सांगितलेलंही असतं. माणसं तेवढी शिवगंगेनं जमवायची.

ती मूळची गडहिंग्लजकडची, लग्न होऊन शाहूपुरीत आलेली. नवरा गुरुपाद, कापडाचा दुकानदार. लग्नापासून ती गुरुपादची बायको होती, मग रुद्रेशची आई झाली. घरातला फोन वाजायचा तो "अण्णा हाईत का?" म्हणून. ह्या कामापासून "शिवगंगाताई आहेत का?" असा फोन येऊ लागला. पहिल्यांदा आला तेव्हा गुरुपादनं राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता! तेव्हापासून ह्या कामावर तिचा जीव. दुसरं काही गेलं तरी चालेल, पण हे नको जायला.

आणि जायचीच वेळ आली होती. दोष तिचा म्हणावा तर तसाही नाही. पिशवीतल्या दुधाच्या ग्रुपला तिनं आठ गडी आणले. सगळे रोज दूध-कट्ट्यावर जाऊन म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेऊन पिणारे. मॅडमनी पिशवी पुढं ठेवली, तर आकाराम नावाच्या दांडग्या गड्यानं काळजीनं विचारलं, "घरात कोण आजारी हाय काय?" पुढचा सगळा वेळ म्हशींवर गेला. साबणाच्या ग्रुपला बोलावलेली एक बाई आलीच नाही, तिनं जावेला पाठवलं. "आमी काय येगळ्या हाय व्हय?" म्हणे. आणि आता हा मसाल्याचा ग्रुप. कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी पाकिटात भरून विकायची होती. पहिल्या खेपेला आलेल्या बायका निघाल्या एकाच भिशीतल्या. दुसऱ्या खेपेला दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या, तेही निम्म्यावर कळलं, एकीनं दुसरीला "आईचा गुडघा कसा हाय गं?" विचारलं तेव्हा.

मोना मॅडमचा फोन आला. बाई आवाज चढवायची नाही, त्याचीच जास्त भीती वाटायची.

"शिवगंगाताई, ओळखीच्या असल्या की एक बोलते आणि बाकीच्या माना डोलावतात. कंपनीला आठ मतं हवीत. ह्या वेळी जमलं नाही तर हे काम सांगलीला द्यावं लागेल."

सांगलीला! शिवगंगा जेवणावरून तशीच उठली.

मग तिनं असं केलं की आठही जणी आठ गावांच्या आणल्या. कुरुंदवाडच्या धोंडुबाई, पेठ वडगावच्या शालूबाई, गडहिंग्लजची दानेश्वरी, अशा एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही, हे तिनं फिरवून फिरवून विचारून घेतलं. हॉटेलात आल्यावर खुर्च्या लांब लांब मांडल्या आणि बजावलं, "मॅडम येईपर्यंत एकमेकींशी बोलायचं न्हाय."

"का वो, मयत झालंय काय कुणाचं?" धोंडुबाईंनी विचारलं.

शिवगंगा हात जोडून शेजारच्या खोलीत गेली आणि टीव्हीसमोर बसली. कंपनीचे दोघे साहेब तिथं आधीच वह्या उघडून बसले होते. पडद्यावर मोना मॅडम आत आल्या, सगळ्यांना नमस्कार केला, नाव-गाव सांगा म्हणाल्या. बस्स. तिथंच घात झाला.

"मी धोंडुबाई. कुरुंदवाड."

"म्हायेर?" शालूबाई.

"शिरोळ."

"शिरोळात कुणाच्यातल्या? आमची थोरली नणंद शिरोळातच दिलीया."

"नदीकडच्या आळीतली? ट्रॅक्टरवाल्यांची?"

"तीच की वो!"

"आगं, ती माझी चुलतभावजय!"

शालूबाई उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि धोंडुबाईंच्या पाया पडल्या. शिवगंगेनं कपाळाला हात लावला. पडद्यावर खुर्च्या सरकू लागल्या होत्या. तिसरीची मावशी चौथीच्या गावात निघाली, पाचवीचा दीर सहावीच्या भावाबरोबर साखर कारखान्यात. मॅडमना तोंड उघडायला जागा मिळेपर्यंत आठ अनोळखी बायकांचं एक घर झालं होतं, आणि घरात वडीलधाऱ्या कोण, तर धोंडुबाई.

मॅडमनी पाकीट फोडलं. भाकरीच्या तुकड्यावर चटणी आणि तेल घालून प्रत्येकीला दिलं. धोंडुबाईंनी चाखून सांगितलं, "झ्याक हाय."

"झ्याक हाय," शालूबाई म्हणाल्या.

"लई झ्याक," दानेश्वरी म्हणाली. पुढच्या पाच जणींनीही तेच सांगितलं.

"घरी वापराल?"

"वापरू की!"

"काही कमी वाटतं का?"

"छ्या, छ्या!"

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्याच हो म्हणतायत. म्हणजे एकही खरं बोलत नाही."

शिवगंगेच्या डोळ्यांपुढं सांगली दिसायला लागली. आणि आत काय चाललं होतं? शालूबाई धोंडुबाईंच्या कानाला लागल्या होत्या. "आक्का, तुमच्या पुतणीचं बघताय म्हणं कुठं? माझा धैर्यशील दूध संघात हाय."

"आपण जरा मसाल्याकडे येऊ या," मोना मॅडम म्हणाल्या.

"थांबा वो मॅडम. हितं पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय." धोंडुबाई शालूबाईंकडं वळल्या. "पोरगी ब्यांकेत हाय. सकाळी जाती ती दिवे लागल्यावर येती. सोयपाक येतोय. पर उन्हाळ्यात मिरच्या भाजा, डंकावर जाऊन चटणी कुटा, ह्यातलं कायबी तिच्याच्यानं व्हायचं न्हाय. आदीच सांगतो."

"मग आमी काय पाकिटातली खायाची?"

"आत्ताच तर झ्याक म्हनलासा!"

"ते पावन्याच्यात म्हनायचं असतंय, आक्का. हितं माझ्या पोराच्या ताटात पडायची हाय!"

शिवगंगेला पुढचं ऐकवेना. ग्रुप गेला, काम गेलं, आणि वर सोयरीक! ती ताडकन उठली, दार ढकलून आत गेली आणि कोकलली, "गप बसा! चटणीचं बोलाय आणलंय तुमास्नी, लगीन जमवाय न्हाय!"

मोना मॅडमनी तिच्याकडं असं बघितलं की शिवगंगेला वाटलं, जमीन दुभंगावी. ग्रुप चालू असताना आत पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम होता, आणि तो मोडणारी ती स्वतः.

पण धोंडुबाई असल्या नियमांच्या बाहेरच्या. "बरं झालं आलीस. मदला मानूस पायजेच हुता. बस हितं," म्हणाल्या आणि तिला हाताला धरून खुर्चीत दाबलं. मग शालूबाईंना म्हणाल्या, "हं, बोला. काय वंगाळ हाय पाकिटात?"

"काय न्हाय ते इचारा! खोबरं भाजल्यालंच न्हाय. लसणाचा नुसता वास, चव कुठं हाय?"

"मीठ किती वतलंय!" तिसरी म्हणाली.

"रंग बघा की, हळदी-कुंकवाच्या करंड्यातला!" चौथी.

"पर पोरगा पुण्यात शिकाय असला तर द्याय बरं हाय," पाचवी म्हणाली, आणि तिच्यावर तिघी तुटून पडल्या. पोराला असलं द्यायचं? मग काय त्यानं उपाशी मरायचं? नोकरीवाल्या सुनेनं रजा काढून मिरच्या निवडायच्या? शिवगंगा मध्ये बसून दोन्हीकडची बोलणी खात होती. आवाज वाढत वाढत गेला आणि त्यात दानेश्वरी, जी आतापर्यंत बिस्किटाशी खेळत होती, एकदम बोलून गेली:

"मी वरीस झालं पाकीटच आनतो. बरनीत वतून ठेवतो. सासू म्हनती, औंदा चटनी चांगली जमली."

कुणी हसलं, कुणी "आगं बाई!" म्हणत तोंडावर हात ठेवला. शालूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "कंचं पाकीट गं?"

आणि ते सगळं, ती बरणी, ती सासू, कुठलं पाकीट नि का, मॅडमनी एकेक करून काढून घेतलं. वेळ संपली तरी कुणी उठेना.

बायका गेल्यावर मोठ्या साहेबांनी शिवगंगेला बोलावलं. ती दाराशीच उभी राहिली.

"ह्या एकमेकींना ओळखत होत्या?"

"आत येताना वळखत नव्हत्या, साहेब," ती म्हणाली. "मॅडमनी नाव-गाव इचारलं न् झाल्या पावन्या. त्याला मी काय करू? कोल्हापुरात मानसाला मानूस लागतंयच, सांगलीतबी तेच हुनार!"

साहेब मोना मॅडमकडं बघून हसले. इतकं खरं आजवर कुठल्याच ग्रुपमध्ये ऐकलं नव्हतं, म्हणाले. काम कोल्हापुरातच राहील, शिवगंगाताईंकडेच. पुढच्या ग्रुपपासून एक करायचं. बायका आल्या की अर्धा तास चहा द्यायचा आणि आपापसांत मनसोक्त बोलू द्यायचं. मग मॅडम आत जातील.

"बोलू द्यायचं?" शिवगंगा म्हणाली.

"हो. माहेर-बिहेर विचारू दे."

ती जिना उतरून रस्त्यावर आली तेव्हा खूश व्हायला हवी होती. रिक्षात बसल्यावर तिनं गुरुपादला फोन लावला आणि सगळा राग त्याच्यावर काढला. "अवो, आठ गावं पालथी घातली मी! त्यांच्या तोंडाला कुलपं घालाय जीव काडला! आन् आता म्हनत्यात, बोलू द्या! मंग त्या भिशीवाल्या काय वाईट हुत्या?"

पलीकडून गुरुपाद काहीतरी समजुतीचं बोलत होता. पण मध्येच दुसरा फोन येत होता, शालूबाईंचा, सोयरिकीतल्या मधल्या माणसाला, आणि तो काही केल्या थांबेना.