शेजारच्या सीटचा ब्रेक

आपण म्हातारे झालो हे माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं म्हणतात. आमच्या गल्लीतल्या मास्तरांच्या बाबतीत ते आधी त्यांच्या बायकोला कळलं, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला, मग भाजीवाल्याच्या हातगाडीला. मास्तरांपर्यंत ही बातमी पोचायला आणखी बरेच दिवस गेले.

मास्तर शाळेतले नव्हेत. त्यांनी उभा जन्म लोकांना मोटार चालवायला शिकवलं. दाताचे डॉक्टर, अँब्युलन्सवाला, आणि ज्याच्या पार्किंगवरून गल्लीत रोज भांडणं होतात तो विमा एजंट, सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. शिकवण्याच्या गाडीला असतो तसा त्यांच्या गाडीला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. दोन्ही पेडल एकाच दांडीला जोडलेली. शिकवणाऱ्याने आपलं दाबलं की शिकणाऱ्याच्या पायाखालचंही आपोआप खाली जातं, आणि आपण आत्ता कुणाला तरी उडवणार होतो हे त्याला न बोलता समजतं. मास्तरांचा नियम एकच होता. 'ज्या दिवशी माझा पाय ब्रेकला लागणार नाही, त्या दिवशी परीक्षेला जा.' काही जणांच्या बाबतीत तो दिवस यायला इतका वेळ लागला की त्यांची मधल्या काळात लग्नं झाली.

निवृत्त झाल्यावर मास्तरांनी छपरावरची पाटी काढली, गाडी ठेवली. दुसरा ब्रेक काढायचा राहून गेला. मग काकू त्या सीटवर बसू लागल्या आणि तो काढणं कुणालाच परवडलं नसतं.

काकूंना गाडी चालवता येत नाही. शिंप्याचा सदरा फाटका असतो, त्यातलाच प्रकार. पण तीन वर्षांपूर्वी एका चौकात मास्तर महागाईवर बोलत असताना समोर सायकलवाला आला, मास्तरांचं बोलणं थांबलं नाही आणि गाडीही थांबेना. काकूंनी घाबरून पाय ताठ केला, तो पेडलवर पडला आणि गाडी थांबली. तेव्हापासून गाडी दोघं मिळून चालवत. पुढे नेणं मास्तरांकडे, थांबवणं काकूंकडे. संसारातही साधारण हीच वाटणी असल्यामुळे सराव करावा लागला नाही.

चप्पल पेडलवरून सटकते म्हणून काकूंनी कॅनव्हासचे बूट घेतले. डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रवास फार होतो."

आता, पायाखालचं पेडल आपणहून खाली जातंय हे मास्तरांना कळत नसेल का? जन्मभर तेच शिकवलेला माणूस. कळत होतं. फक्त त्यांनी केलेलं निदान वेगळं होतं.

"हिला भीती वाटते," ते आम्हाला सांगत. "मी दाबणारच असतो, तेवढ्यात ही दाबते. दाबू दे. तेवढंच तिचं समाधान."

काकू फोनवर लेकीशी मात्र वेगळं बोलत.

"आई, किल्ली लपव ना सरळ."

"लपवली. त्यांनी दुसरी करून आणली."

"मग तू बसू नकोस त्या गाडीत."

"मी नाही बसले तर ते एकटे जातील. त्यांचं काय व्हायचं ते होऊ दे गं, ऐंशीला आलेत. पण रस्त्यावर कुणाचं तरी पोर असतं."

मास्तरांची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. "पाय गेले तर काठी मिळते," ते म्हणायचे. "गाडी गेली तर काय मिळतं? जावयाची वाट बघणं."

अशात लायसन्सची मुदत संपली. त्या वयाला नुसता अर्ज पुरत नाही, परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी लागते. गल्लीला हायसं वाटलं. मग परीक्षक कोण ते कळलं आणि हायसं वाटायचं थांबलं. परीक्षक मास्तरांचाच जुना विद्यार्थी निघाला. शिकताना क्लचवरचा पाय उचलायचाच नाही म्हणून मास्तरांनी त्याला क्लच्या नाव ठेवलं होतं. आता त्याचे केस पिकले होते, हाताखाली माणसं होती, आणि सगळं ऑफिस त्याला साहेब म्हणे. मास्तर त्याला त्याच ऑफिसात, सगळ्यांदेखत, क्लच्या म्हणत.

परीक्षेच्या सकाळी मास्तर ऑफिसात अर्जावर सही करत होते, तेवढ्यात काकूंनी क्लच्याला जिन्यापाशी गाठलं.

"तू त्यांना पास करणार ना?"

"काकू, त्यांना मी नापास कसा करू? आज ही खुर्ची आहे ती त्यांच्यामुळे. त्यांच्याच गाडीतून आवारात एक चक्कर मारतो, सही करतो."

"आवारात नको. रस्त्यावर ने."

"कशाला उगीच?"

"नेच. आणि एक कर बाबा, उजवा पाय मोकळा ठेव. आज मी नाहीये तिथे."

क्लच्या पुढे म्हणाला की एवढ्या वर्षांत त्याला इतकी स्पष्ट सूचना वरिष्ठांकडूनसुद्धा आली नव्हती.

पुढचं आम्हाला क्लच्याने सांगितलं आणि मास्तरांनीही सांगितलं, आणि दोन्ही हकिकती जवळजवळ जुळतात. सुरुवात देखणी झाली. मास्तरांनी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, चढावर गाडी इंचभरही मागे न येऊ देता उचलली. हात अजून तसेच होते. क्लच्याला वाटलं, काकू उगाच काळजी करतात, आणि त्याने पाय पसरले.

"नीट बस," मास्तर म्हणाले. "परीक्षक आहेस. पाहुणा आलायस का?"

तो नीट बसला म्हणूनच पाय वेळेवर पोचला. बेकरीच्या वळणावर डावीकडून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर उतरली होती. गाडी त्याच वेगात निघाली होती. क्लच्याने ब्रेक दाबला. बाई पलीकडे गेली. तिने वळूनही पाहिलं नाही, म्हणजे सगळं इतकं सुरळीत झालं.

"का दाबलास?"

"सर, बाई होती."

"कुठे?"

क्लच्याने बोट दाखवलं. बाई आता पलीकडच्या फुटपाथवर होती आणि बाळाची टोपी सारखी करत होती. मास्तरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मागून हॉर्न वाजला तेव्हा ते निघाले. पुढच्या सिग्नलला दिवा लाल झाला आणि क्लच्याचा पाय पुन्हा गेला. या वेळी मास्तरांनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, आणि किल्ली काढून क्लच्याच्या मांडीवर ठेवली.

"नापास."

"सर, मी अजून काहीच लिहिलेलं नाही."

"तू लिहिणारही नाहीस. तुझ्या अंगात ते धाडस कधीच नव्हतं." मग ते म्हणाले, "मला वाटायचं ती भित्री आहे. ती भित्री, ठीक. पण तूही तिथेच दाबलंस. दोन माणसं एकाच जागी भित्री कशी असतील?"

क्लच्याचा जीव भांड्यात पडला होता. बेकरीच्या वळणापासून तो मनाशी गुरुद्रोहाची तयारी करत होता आणि गुरूंनीच ते काम अंगावर घेतलं होतं. जागा बदलून त्याने गाडी परत आणली.

"क्लच सोड," मास्तर वाटेत म्हणाले.

"सोडलाय, सर."

"अर्धा सोडलायस."

ऑफिसच्या बाकावर काकू बसल्या होत्या. फाटकातून गाडी आत आली, स्टीयरिंगवर क्लच्या आणि शेजारी मास्तर हे त्यांनी पाहिलं आणि त्या उभ्या राहिल्या.

"कुणाला लागलं का?"

"नाही," मास्तर उतरत म्हणाले.

काकू खाली बसल्या. "मग काय झालं?"

"नापास झालो."

"अरेरे," काकू म्हणाल्या. इतक्या समाधानाने म्हटलेलं अरेरे क्लच्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. गाडी संध्याकाळी घरी पोचवतो असं काहीतरी पुटपुटत तो आत निघून गेला, आणि त्या दिवशी पुढच्या तिन्ही उमेदवारांशी फार गोड वागला.

मास्तर काकूंशेजारी बाकावर टेकले.

"मला आधी सांगायचंस की."

"सांगत होतेच. पायाने."

"तोंडाने सांगायचं असतं अशा वेळी."

"तोंडाने सांगितलेलं तुम्ही लग्नानंतर कधी ऐकलंत?"

मास्तरांनी हा मुद्दा सोडून दिला. मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगू? गर्दीत उजवीकडे वळायचं झालं की अलीकडे मी डोळे मिटून घ्यायचो. म्हणजे मनातल्या मनात."

"मनातल्या मनात नाही," काकू म्हणाल्या. "मी बघत होते ना."

"मग गप्प का बसलीस?"

"मी रस्त्याकडे बघू की तुमच्याशी भांडू? कुणीतरी रस्त्याकडे बघायला नको का?"

मास्तर हसले. फार दिवसांनी हसावं तसं हसू होतं ते, जरा गंज लागलेलं. "रोज सकाळी किल्ली हातात घेतली की पोटात गोळा यायचा," ते म्हणाले. "आज नाहीये."

"किल्ली की गोळा?"

"दोन्ही."

त्यांनी टॅक्सी बोलावली. मास्तर सवयीने पुढे बसायला निघाले, काकूंनी हाताला धरून मागे घेतलं. टॅक्सीवाला तरुण होता, एका हाताने चालवत होता, दुसरा खिडकीबाहेर. पहिल्याच वळणावर त्याने गियर असा टाकला की मास्तरांच्या तोंडून शब्द निघालाच होता. पण खांद्यावर काहीतरी टेकलं. काकूंना झोप लागली होती. बुटांचे बंद सुटलेले होते आणि उजवा पाय पार सैल पडला होता.

मास्तरांनी तोंड मिटलं. टॅक्सीवाल्याने इंडिकेटर न देता लेन बदलली, मास्तरांनी तेही सोसलं. घर येईपर्यंत ते हललेसुद्धा नाहीत.